कोकणचे किल्ले बघताना भाऊबंदकीही बघा



दिवाळी झाली, चातुर्मास संपला की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. हल्ली त्यात कोकणातल्या किल्ल्यांची भर पडली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपल्या जुन्नरचा शिवनेरी आहे आणि समुद्रावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. तेव्हापासून भिशीच्या ग्रुपवर "शिवनेरी तर घरचाच, आता समुद्रातले किल्ले बघू" असे मेसेज फिरतायत.

जरूर जा. शिनोलीच्या बायकांना कोकण काही परदेश नाही. भीमाशंकरच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकणच दिसतं. आपल्या जुन्नरचा माल सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाने खाली बंदरांकडे उतरत होता. तिथला जकातीचा दगडी रांजण आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेच्या सहलीत पाहिलाय.

पण जाताना एक गोष्ट बरोबर न्यावी असं माझं मत आहे. किल्ल्यावर गाइड सांगतो, अमक्या साली इंग्रज हरले, तमक्या साली पोर्तुगीज पळाले. ते खरंच आहे. पण या किनाऱ्यावर भाऊ भावाशीही लढला, आणि परक्यांच्या तोफांना जे जमलं नव्हतं ते त्या भांडणाने झालं. आपल्या भाषेत अशा लढाईला यादवी म्हणतात, आणि घरगुती शब्द आहे भाऊबंदकी. ही गोष्ट किल्ल्यावर सहसा कोणी सांगत नाही. ती आपण सांगावी, आणि मुला-नातवंडांना तिथेच उभं करून सांगावी, म्हणून हा लेख.

आधी जमेची बाजू

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे आधी जमा बघते आणि मग खर्च.

कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. १७१८ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, हात हलवत परत गेले. त्याच सुमारास विजयदुर्गावरही त्यांनी आरमार पाठवलं, तिथेही काही मिळालं नाही. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. दोन युरोपीय सत्ता एका बाजूला, आणि तरी कुलाबा पडला नाही. सातारच्या छत्रपतींची फौज पेशवे बाजीरावांबरोबर कान्होजींच्या मदतीला आली होती. घर एक होतं, आणि डोंगरावरचे लोक किनाऱ्यावरच्यांच्या पाठीशी होते. ही झाली जमा.

कान्होजी ४ जुलै १७२९ ला गेले. अलिबाग गावात त्यांची समाधी आहे. सहलीत बरेच जण थेट बीचवर जातात आणि समाधी राहून जाते. तसं करू नका, कारण पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मग खर्चाची बाजू

कान्होजींना बरेच मुलगे, वेगवेगळ्या आयांचे. थोरले सेखोजी कर्तबगार होते. त्यांनी चार वर्षं घर सांभाळलं, पण १७३३ मध्ये तेही गेले. मागे राहिले संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. सगळ्यांनी मान्य करावा असा मोठा आता घरात कोणी नव्हता.

संभाजी आणि मानाजी या सावत्र भावांचं बिनसलं. मानाजींनी पोर्तुगिजांची मदत घेऊन कुलाबा ताब्यात घेतला. हे तेच पोर्तुगीज, जे १३ वर्षांपूर्वी याच किल्ल्याच्या भिंतीवर डोकं आपटून गेले होते. आता घरातल्यानेच त्यांना बोलावलं. किल्ल्यात असलेल्या येसाजी या भावाचे डोळे काढले गेले असं इतिहासकार नोंदवतात. लिहितानाही हात थांबतो.

मग पेशव्यांनी मध्यस्थी केली. १७३५ मध्ये वाटणी झाली. कुलाबा मानाजींकडे आणि 'वजारतमाब' हा किताब, तर दक्षिणेकडचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग संभाजींकडे आणि 'सरखेल' हे पद. मदतीच्या बदल्यात मानाजींनी राजमाची आणि कोथळीगड हे दोन किल्ले पेशव्यांना दिले. दोन भावांच्या भांडणात तिसरा येतो तो कधीच मोकळ्या हाताने जात नाही. वकिलाची फी आपल्याला माहीत आहेच.

कागदावर ही वाटणी अगदी रास्त दिसते. दोघांना किल्ले, दोघांना मान. पण हिशेबाच्या अभ्यासात शिकलेली एक गोष्ट मला इथे आठवते. काही मालमत्ता वाटली की तिची किंमत निम्मी होत नाही, पार कोसळते. दहा तोळ्यांचं सोनं पाच-पाच तोळे करून दोघींना देता येतं. पण चालत्या पेढीचं नाव, विहिरीचं पाणी, एखादं गलबत कसं कापणार? आरमार तसं असतं. उत्तरेचं बंदर आणि दक्षिणेचं बंदर एका हुकुमाखाली असेल तर शत्रू मध्ये सापडतो. दोन हुकूम झाले की शत्रूला दोन गिऱ्हाइकं मिळतात, आज याच्याशी बोल, उद्या त्याच्याशी.

आणि वाटणी झाली तरी मनं कुठे शांत झाली? १७४० मध्ये संभाजींनी अलिबागच्या आसपासची ठाणी घेऊन कुलाब्याला वेढा घातला. मानाजींनी पुण्याहून पेशव्यांची आणि मुंबईहून इंग्रजांची मदत मागितली. कान्होजींनी आयुष्यभर ज्यांना अडवलं, ते इंग्रज आता त्यांच्या एका मुलाच्या बाजूने दुसऱ्या मुलाच्या विरुद्ध उभे होते.

संभाजी १७४२ च्या सुमारास वारले आणि दक्षिणेचा कारभार तुळाजींकडे गेला. तुळाजींचं पेशव्यांशी पटलं नाही. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सच्या जहाजांनी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफेचा गोळा एका जहाजावर पडला, आग लागली आणि बंदरात एकमेकांना लागून उभं असलेलं आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. समुद्रात कोणी बुडवू शकलं नव्हतं ते घरच्या बंदरात राख झालं.

किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांची लूट मिळाली. ती इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, बरोबर आलेल्या मराठ्यांना त्यात काही नाही. विजयदुर्गही लगेच परत दिला नाही. बाणकोट पदरात पक्का झाला तेव्हा कुठे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पेशव्यांच्या हाती आला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं. आणि तोच क्लाइव्ह पुढच्याच वर्षी, १७५७ मध्ये, बंगालमध्ये प्लासीला उभा होता.

१७२१ ते १७५६, म्हणजे ३५ वर्षं. आपल्याकडे आजोबांनी मांडलेलं दुकान नातवाच्या हाती येईपर्यंत साधारण इतकाच काळ जातो.

दोष एकट्याचा नाही

हे वाचून लगेच कोणाला खलनायक ठरवू नका. आपण अनेकांतवाद मानणाऱ्या बायका. प्रत्येकाच्या जागी जरा उभं राहून बघू.

नानासाहेबांच्या बाजूने बघितलं तर तुळाजी जुमानत नव्हते, आपल्याच राज्यातल्या लोकांना आणि व्यापाऱ्यांना त्रास देत होते. राज्य चालवणाऱ्याने काय करावं? तुळाजींच्या बाजूने बघितलं तर सरखेली थेट छत्रपतींनी दिलेली, मग पुण्याच्या प्रधानांपुढे मान का झुकवावी? मानाजींच्या बाजूने बघितलं तर भाऊ दारात तोफा घेऊन उभा आहे, अशा वेळी मिळेल त्याचा हात धरणार नाही तर काय? पेशव्यांनी पुढे विजयदुर्गाला धुळपांच्या हाताखाली आरमार पुन्हा उभं केलं, हेही सांगायला हवं. सगळंच संपलं असं नाही.

प्रत्येकाकडे कारण होतं आणि ते अगदी खोटंही नव्हतं. भाऊबंदकीत हेच अवघड असतं. कोर्टात दोन्ही बाजूंच्या फायली जाड असतात. नुकसान मात्र त्या फायलींच्या बाहेर होतं. ते जहाजावरच्या खलाशाचं झालं, तोफेशी उभ्या शिपायाचं झालं. पुढे पुण्यातही तेच झालं. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि १७७५ मध्ये त्यांचे काका रघुनाथराव सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले. पुण्याच्या वाड्याने किनाऱ्यावरून काही शिकलं नाही.

बायका कुठे होत्या?

या गोष्टींत बायका फार दिसत नाहीत, पण एक दिसते ती विसरता येत नाही. आंग्र्यांच्या घरात अठराव्या शतकाच्या शेवटी पुन्हा भांडण पेटलं. शिंद्यांच्या पाठबळावर बाबूराव आंग्रे कुलाब्यावर आले आणि कारभारी जयसिंगराव आंग्र्यांना त्यांनी कैद केलं. जयसिंगरावांची पत्नी सकवारबाई खांदेरी बेटावर टिकून राहिली. किल्ला दिलास तर नवऱ्याला सोडतो, असं वचन तिला मिळालं. तिने किल्ला सोडला. वचन पाळलं गेलं नाही, जयसिंगराव मारले गेले आणि तीही कैदेत पडली. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी दिसतं. तिकडे बोट दाखवून नातींना सकवारबाईचं नाव सांगा. पुढे १८४० मध्ये कंपनी सरकारने कुलाबा संस्थान खालसा केलं. ज्या गादीसाठी चार पिढ्या भांडल्या ती गादीच राहिली नाही.

याच्या शेजारी आपली एक गोष्ट ठेवते. भरत आणि बाहुबली, ऋषभदेवांचे पुत्र. त्यांच्याही सेना समोरासमोर आल्या होत्या. पण भांडण दोघांचं, मग हजारो शिपाई कशाला मरायचे, म्हणून दोघांनीच एकमेकांशी लढायचं ठरलं. बाहुबलींनी भावावर मूठ उगारली आणि ती हवेतच थांबली. त्याच हाताने त्यांनी स्वतःचे केस उपटले आणि दीक्षा घेतली. तरी मनात 'मी' उरला होता. वर्षभर उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, पण केवलज्ञान होईना. तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी गेल्या आणि म्हणाल्या, भाऊराया, हत्तीवरून खाली उतर. तो हत्ती म्हणजे अभिमान. ही गोष्ट आपण पर्युषणात वर्षानुवर्षं ऐकतो. भावांना थांबवायला कोणी मंत्री किंवा मध्यस्थ गेला नाही, बहिणी गेल्या. आणि त्यांनी कोण बरोबर, कोण चूक असा निवाडाही दिला नाही. फक्त उतर म्हणाल्या.

काही शंका

एक मैत्रीण म्हणाली, "अगं, आपण अहिंसा मानणाऱ्या. जिथे माणसं मारली गेली तिथे सहलीला कशाला जायचं?" प्रश्न योग्य आहे. पण मला वाटतं, अशा ठिकाणी आपणच जावं. तोफेवर मुलाला बसवून फोटो काढणारे पुष्कळ आहेत. त्या तोफेने काय झालं हे विचारणारे थोडे आहेत. हिंसेची जागा डोळे उघडे ठेवून पाहणं हाही अहिंसेचाच अभ्यास आहे.

दुसरी शंका सासूबाईंच्या वयाच्या एका काकूंची. "मुलांना आपल्याच लोकांची भांडणं कशाला सांगायची? अभिमान कमी होईल." मला तसं वाटत नाही. ज्याला फक्त विजय सांगितले जातात त्या मुलाला वाटतं की आपली माणसं चुकतच नाहीत. मग स्वतःच्या घरात भांडण होतं तेव्हा ते ओळखता येत नाही. कान्होजींचा अभिमान ठेवूनच त्यांच्या मुलांची गोष्ट सांगता येते. उलट कान्होजींनी काय उभं केलं होतं हे ती गोष्ट ऐकल्यावर जास्त कळतं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुली-सुनांना हे पटकन समजेल. तिथे चार्ल्सटनच्या बंदरात फोर्ट समटर नावाचा किल्ला आहे, आपल्या सुवर्णदुर्गासारखाच पाण्यात, बोटीने जायचा. १२ एप्रिल १८६१ ला तिथे पहिली तोफ डागली गेली आणि त्यांची यादवी सुरू झाली. चार वर्षांत सहा लाखांहून जास्त माणसं गेली, काही घरांत एक भाऊ इकडे आणि एक तिकडे. लोक आजही मुलांना घेऊन तिथे जातात. गुलामगिरीमुळे आपला देश आपल्याच विरुद्ध कसा उठला, हे सरकारी मार्गदर्शक उघडपणे सांगतात. त्यांना ते सांगायला लाज वाटत नाही, आपल्याला का वाटावी?

जाताना एवढं करा

शिनोलीहून मंचर, चाकण, लोणावळा, खोपोली, पेण करत अलिबागला जाता येतं. सकाळी लवकर निघा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पाण्याची वेळ तिथल्या माणसांना विचारूनच पाऊल टाका. आपल्याला तिथी पाठ असतात, त्याचा इथे उपयोग होतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी मवाळ, त्याला कोकणात भांग म्हणतात. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. हे राघोजी मानाजींचे चिरंजीव. चिरेबंदी तटात मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेत, ते हात लावून बघा. चुना नाही तरी ते सुटले नाहीत.

सुवर्णदुर्गासाठी दापोलीजवळच्या हर्णै बंदरातून होडी मिळते. तिथे मासळीचा लिलाव भरतो. आपल्याला वास सहन होत नाही, हे मान्य. पण नाक मुरडून, तोंडाला पदर लावून त्या लोकांसमोरून जाऊ नका. समुद्रावर ज्यांचं पोट आहे त्यांच्याच पूर्वजांनी ही जहाजं वल्हवली आणि भावांच्या भांडणात तेच मेले. विजयदुर्ग लांब आहे, त्याला एक मुक्काम धरा. चौविहार असणाऱ्यांनी डबा आणि उकळलेलं पाणी बरोबर ठेवा, संध्याकाळच्या आत जेवण उरकेल असा बेत करा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा चातुर्मासात जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि हे सगळं कशासाठी?

मैत्रिणींनो, आपल्या तालुक्यात डिंभे धरणाचं पाणी आलं, जमिनींना भाव आला. पेठेतल्या दुकानांच्या जागा लाखांच्या झाल्या. त्याबरोबर दावेही वाढले. एकाच दुकानावर दोन पाट्या, एकाच वाड्यात मध्ये भिंत, आणि लग्नपत्रिकेवर चुलत्यांचं नाव नाही, असं आपण सगळ्याच बघतोय. संवत्सरीला व्हॉट्सअॅपवर दोनशे जणांना मिच्छामि दुक्कडं पाठवतो, आणि ज्या जावेशी खरंच बोलणं बंद आहे तिचा नंबर त्या यादीत नसतो.

वाटणी करू नका असं मी म्हणत नाही. वेळेवर, लेखी, सगळ्यांना बसवून केलेली वाटणी घर वाचवते. हक्कसोडपत्रावर बहिणीने मुकाट्याने सही करावी, असंही मी म्हणत नाही. २००५ च्या कायद्याने तिला बरोबरीचा हक्क दिलाय, आणि तिचं तोंड बंद करून मिळालेली शांतता ही शांतता नव्हे. माझं म्हणणं एवढंच की काय वाटायचं आणि काय वाटायचं नाही हे आधी ठरवा. जमीन वाटा, दागिने वाटा. पेढीचं नाव, आईवडिलांची सेवा, येणं-जाणं यांची वाटणी होत नाही. आणि तिसऱ्याला मध्ये घेण्याआधी त्याची किंमत विचारा. राजमाची आणि कोथळीगड त्या किमतीत गेले, हे लक्षात ठेवा.

हे सांगायला कोणी पुरुष वेळ काढेलच असं नाही. ते हिशेबाच्या फायलींत असतात. सांगायचं काम ब्राह्मी-सुंदरीचं आहे, म्हणजे आपलं. म्हणून यंदाच्या सहलीला एकट्या भिशीच्या मैत्रिणी जाऊ नका. जिच्याशी दोन वर्षं बोलणं नाही त्या जावेला, त्या नणंदेला गाडीत जागा ठेवा. येते का विचारा. नाही म्हणाली तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.